एक नमुना नको, दहा नग मागा: तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या अनेक मुलामुलींना स्वतःचा उद्योग काढायचा असतो. त्यांच्यासाठी स्पर्धा होतात, नव्या उद्योगांना आधार देणारी इन्क्युबेशन सेंटर उघडतात, दहा स्लाइडमध्ये धंदा मांडायला शिकवतात. त्याला आमची हरकत नाही. पण वस्तू बनवून विकू पाहणारा विद्यार्थी अडतो तो वेगळ्याच जागी, आणि ती वाट आपल्या एका परिपत्रकाने मोकळी होऊ शकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आज एक चालता नमुना मागितला जातो. आपण दहा मागा.

एक नग बनवणाऱ्याच्या हातात, व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) वेळेपुरता चालवता येतो. जम्पर वायर सैल झाली तर तो दाबून बसवतो, सर्किट अडकले तर रीसेट करतो. दहा करायचे म्हटले की ब्रेडबोर्ड (तारा खोचून सर्किट जोडायची पाटी) सोडून पीसीबी (छापील सर्किटची पाटी) करावी लागते आणि दडलेल्या चुका वर येतात. ईएसपी-३२ हे वाय-फाय मॉड्यूल घ्या. सिग्नल पाठवताना ते क्षणभर काहीशे मिलिअँपिअर ओढते. लॅबच्या दणकट पॉवर सप्लायवर हे कळत नाही. छोट्या रेग्युलेटरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागावर) व्होल्टेज खचते, चिप पुन्हा सुरू होते आणि विद्यार्थी कोडमधली चूक शोधत बसतो. किमान ५०० मिलिअँपिअर देणारा रेग्युलेटर, मॉड्यूलच्या पिनेजवळ १०० मायक्रोफॅरडचा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा असे क्षणभराची वीज साठवणारे दोन कपॅसिटर, एवढ्याने बहुतेक वेळा काम होते. सेन्सरचेही तसेच. दहा सेन्सर एका खोलीत ठेवले की आकडे थोडे थोडे वेगळे येतात. मग प्रत्येक नगाचे कॅलिब्रेशन (आकडे प्रमाणाशी जुळवणे) आले, त्यासाठी नग ठरावीक जागी धरणारी जिग आली. एका नगाला चाळीस मिनिटे लागत असतील तर किमतीचे सगळे गणितच फिरते, आणि हे स्लाइडवर कधी दिसत नाही.

वस्तूच्या बाहेरच्या कवचाचीही अशीच गत. थ्रीडी प्रिंटरला सरळ भिंती चालतात. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये (वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून भरताना) भिंतीला १ ते २ अंशांचा उतार नसला तर भाग साच्याला धरून बसतो, आणि जाडी एकसारखी नसली तर जाड जागी प्लॅस्टिक आकसून खळगा पडतो. पोलादी साचा कापून झाल्यावर हे कळले तर फार महागात पडते. दहा नगांना तो साचा लागतही नाही, सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतून वीसेक भाग निघतात. वर्कशॉपमध्ये ही रीत शिकवलीच पाहिजे.

मग हे दहा नग अनोळखी माणसांना ३० दिवस वापरायला द्यावेत, प्रत्येक बिघाड तारीख आणि कारणासह वहीत उतरवावा आणि गुण त्या वहीला द्यावेत. किती नग बिघडले यावरून गुण कापू नका, नाहीतर वह्या कोऱ्या येतील.

नग बाहेर जाण्याआधी मात्र पेटंटचा अर्ज गेला पाहिजे. वस्तू उघडपणे दाखवली की पेटंटच्या दृष्टीने तिचे नावीन्य संपते. अमेरिकेत शोधकाला त्यानंतरही अर्ज करायला एक वर्षाची सवलत आहे, युरोपात ती जवळपास नाहीच. १८८३ च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर १२ महिन्यांत इतर सदस्य देशांत अर्ज केला तर पहिलीच तारीख धरली जाते. त्यामुळे सक्तीचे प्रकल्प-प्रदर्शन आधी आणि पेटंटचा विचार नंतर, हा क्रम मुलांच्या मुळावर येतो. तो उलटा करा. शोधावर हक्क कोणाचा, विद्यार्थ्यांचा, मार्गदर्शकाचा की संस्थेचा, हेही पहिल्याच दिवशी एका पानावर लिहून सह्या व्हाव्यात. वस्तू विकली जाऊ लागल्यावर ही बोलणी गोडीने होत नाहीत.

चाचण्यांसाठी आपली थेट मदत हवी आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठीच्या सीआयएसपीआर ३२ या आंतरराष्ट्रीय मानकात ३० मेगाहर्ट्‌झपासून वरचे रेडिओ उत्सर्जन मोजतात. विद्यार्थ्यांचे बोर्ड नापास होतात ते बहुधा लांब केबलमुळे किंवा मध्येच तुटलेल्या ग्राउंड प्लेनमुळे (पीसीबीवरच्या ग्राउंडच्या तांब्याच्या थरामुळे). स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारे उपकरण) आणि जवळून मोजायचा प्रोब हाताशी असला तर दोष आधीच सापडतो. प्रत्येक विभागात अशी एक प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना खुली करा. लिथियम बॅटरी पाठवायची तर यूएन ३८.३ च्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी वाहतुकीच्या सुरक्षेसाठी ठरवलेल्या, चाचण्या आहेत. तिथे मुलांनी स्वतः पॅक जोडू नये, प्रमाणित पॅकच घ्यावा.

वेळापत्रक असे ठेवता येईल: पहिल्या सत्रात नमुना, दुसऱ्यात दहा नग. पीसीबीची पहिली आवृत्ती बहुधा चुकतेच, म्हणून दुसरी मागवायला वेळ राखून ठेवावा लागेल. सुट्या भागांच्या खरेदीला तीन दरपत्रके आणि चार सह्या लागत राहिल्या तर तो वेळ उरत नाही. तेव्हा ठरावीक मर्यादेपर्यंतच्या खरेदीचा अधिकार प्रकल्प मार्गदर्शकाला द्यावा, ही विनंती.

आपले,
अभियांत्रिकी प्रकल्पांचे काही मार्गदर्शक व परीक्षक