अंधाराचं कारण पाटीवर लिहा

संपादक महोदय,

निवृत्तीनंतर मला उपनगरांतली जुनी घरं आणि छोटी संग्रहालयं बघायचा नाद लागला आहे. मोठ्या संग्रहालयात पाय दुखून येतात. इथे तासाभरात सगळं निवांत बघून होतं. मागच्या महिन्यात अशाच एका घरी गेलो. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या खोलगट झालेल्या, कठडा हात फिरून फिरून गुळगुळीत. पण खोल्यांत एवढा अंधार, की पत्रं वाचताना माझं नाक काचेला टेकलं. नात म्हणाली, ‘आजोबा, यांनी विजेचं बिल भरलं नाही का?’

कागद आणि कापड उजेडाने विटतं, उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात. मला हे ठाऊक होतं. बाकीची मंडळी कुरकुरत निघून गेली. दोन ओळींची पाटी लावायला काय हरकत आहे? अक्षरं जरा मोठी असावीत.

आणि सुट्टीचा वार फाटकाबाहेर लिहावा. दोनदा मी कुलूप बघून परतलो. सूचना होती, पण आतल्या बाजूला!

– एक ज्येष्ठ वाचक