सौरवादळ आणि भुसावळचा पारा

महोदय,
'सूर्यावर स्फोट, म्हणून पारा ४५ वर' असा मेसेज आमच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. शेजारच्या आबांनी तर रात्री मोबाइल बंद करून पितळी डब्यात ठेवला. सकाळी ट्रक बांधावर उभा, आणि ड्रायव्हरला आबांचा फोन काही लागेना!

भुसावळचा उन्हाळा सौरज्वालांचे, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटांचे, देणे नव्हे. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो. विद्युतभारित कणांचा लोट सुटलाच, तर त्याला एक ते तीन दिवस लागतात. त्रास होतो तो उपग्रह, जीपीएस, रेडिओ आणि वीजजाळ्यांना. १९८९ मध्ये अशाच सौरवादळाने कॅनडातला क्युबेक प्रांत नऊ तास अंधारात होता. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानलेचे आकाश लाल झाले. आमच्या यावलमध्ये पंखे थांबले असतील तर ते नेहमीच्या भारनियमनाने.

सौरचक्र (सूर्याच्या हालचालींचे सुमारे अकरा वर्षांचे चढउतार) उतरणीला लागले तरी मोठ्या ज्वाला निघतच असतात, म्हणजे असे मेसेजही येणारच. आपले 'आदित्य-एल१' यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. तापमानाच्या चौकटीखाली अवकाश हवामानाच्याही दोन ओळी छापाल का? आबा पेपर रोज वाचतात.

– एक केळी उत्पादक, यावल (जि. जळगाव)