निवडीची बातमी छापता, तसा खर्चही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एका विद्यार्थ्याची परदेशातील इंटर्नशिपसाठी निवड झाल्याची बातमी फोटोसह आली. त्या मुलाचे मनापासून अभिनंदन. बातमी मी दोनदा वाचली. शहर, संस्था, कालावधी, आईवडिलांची नावे, सत्काराला कोण कोण हजर होते, सगळे होते. तिथे त्याला काही मानधन मिळणार आहे का, आणि नसेल तर खर्च कोण उचलणार, एवढेच नव्हते. त्या न छापलेल्या ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे.

मी बार्शीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात २६ वर्षे दिवाणजी आहे. रोजमेळ लिहायचा, खतावणी करायची, शेतकऱ्याची पट्टी काढायची, हे माझे काम. मुलगी पुण्यात एलएलएमच्या शेवटच्या वर्षाला होती. यंदा जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हातील एका आंतरराष्ट्रीय संस्थेत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी तिची निवड झाली. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण तिथला नियम सगळ्यांना सारखाच होता आणि त्यांनी आमच्यापासून काही लपवले नव्हते. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. ती आधी रडली आणि मग बोलली. तिची आई देवापुढे साखर ठेवायला उठली.

तिसऱ्या दिवशी गावातल्या एका साप्ताहिकात तिचा फोटो आला. रविवारी गल्लीतल्या मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मुलगी त्यासाठी एका दिवसासाठी पुण्याहून आली होती. भाषणे झाली, पेढे वाटले. त्या रात्री तिने मला लॅपटॉपवर संस्थेचे निवडीचे पत्र उघडून दाखवले आणि एका ओळीवर बोट ठेवले. मानधन, विमानाचे तिकीट, राहणे, विमा, यातले काहीही मिळणार नाही, असे तिथे स्वच्छ लिहिले होते. अर्ज करतानाच तिला ते माहीत होते. काहीतरी मार्ग निघेल म्हणून ती बोलली नव्हती. आणि आता तर सगळ्या गावाने तिला निरोप देऊन टाकला होता.

आम्ही वही घेऊन बसलो. तिने आधीच एक हिशेब करून ठेवला होता. त्यात महिन्याचे जेवण फक्त २०० फ्रँक धरले होते. समोर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘सकाळी ओट्स, रात्री भात’. मी विचारले, दुपारचे काय? ती म्हणाली, "आप्पा, दुपारी भूक लागत नाही मला." लहानपणापासून शाळेतून आल्या आल्या भाकरी मागणारी माझी पोर हे सांगत होती. उभ्या जन्मात मी हजारो लोकांचे हिशेब लिहिले, पण कोणी आपली भूक कमी करून बेरीज जुळवलेली तोवर पाहिली नव्हती.

तो आकडा मी खोडला आणि हिशेब नव्याने मांडला. भाड्याच्या घरात वाटणीची एक खोली ९०० फ्रँक, जेवण ४००, प्रवास आणि फोन १००. महिन्याचे १,४०० झाले, सहा महिन्यांचे ८,४००. विम्याचे ३०० धरून ८,७००. फ्रँकचा भाव आम्ही १०० रुपये धरला, खरा त्याहून जास्तच होता. तरी ८ लाख ७० हजार. मुंबईहून जाण्यायेण्याचे तिकीट ७० हजार, व्हिसा आणि थंडीचे कपडे ३५ हजार. एकूण ९ लाख ७५ हजार. माझा पगार महिना १८ हजार आहे. म्हणजे घरात कोणी न जेवता माझा साडेचार वर्षांचा पगार.

मार्ग नव्हते असे नाही. बँकेत गेलो. मॅनेजर भले गृहस्थ, त्यांनी बसवून समजावले की शैक्षणिक कर्जाला कॉलेजचे प्रवेशपत्र आणि फीचा तपशील लागतो. इथे फीच नाही, तर कर्ज कशावर देणार? बायको म्हणाली, "पोरीच्या नशिबानं दार उघडलंय, माझं गंठण आहे की." आमचे शेठजी स्वतःहून म्हणाले, "दिवाणजी, पाच लाखांची उचल घ्या, निवांत फेडा." हा त्यांचा मोठेपणा मी विसरणार नाही. मी उचल घ्यायला तयारही झालो होतो.

नको म्हणाली ती मुलगीच. फोनवर म्हणाली, "आप्पा, उचल तुमच्या पगारातनं कापली जाणार. म्हणजे काम मी करायचं आणि मजुरी तुम्ही भरायची." मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी यार्डात तुरीची आवक मोठी होती. मी गादीवर बसून हमालांकडे पाहत होतो. पोते उचलले की हमाली ठरलेली, काटा केला की तोलाई ठरलेली. हे सुखासुखी झालेले नाही. त्यासाठी या माणसांना संघटना बांधाव्या लागल्या, मोर्चे काढावे लागले, तेव्हा कुठे १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. मी स्वतः शिकाऊ म्हणून या पेढीवर आलो तेव्हा मला खतावणी येत नव्हती, तरी पहिल्याच महिन्याला ६०० रुपये हातात पडले. ‘तू शिकतो आहेस, मग पैसे कशाचे’ असे कोणी म्हणाले नाही. जगातल्या कामगारांचे हक्क आणि माणसांची प्रतिष्ठा यांवर जिथे ठराव होतात, त्या शहरात शिकाऊ पोरांना मात्र असे म्हटले जाते.

त्याच जिनिव्हा प्रांतात २०२० मध्ये लोकांनी मतदान करून ताशी २३ फ्रँक किमान वेतन ठरवले. आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या इंटर्नना त्याचा उपयोग नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाचा जाहीर नियमच आहे की इंटर्नला पैसे मिळत नाहीत, खर्च त्याने किंवा त्याला पाठवणाऱ्या संस्थेने करायचा. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा २२ वर्षांचा एक इंटर्न जिनिव्हाच्या तळ्याकाठी तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. या प्रश्नाकडे लक्ष वेधायचे हाही त्याचा हेतू होता, हे त्याने पुढे सांगितले. पण बदलायचे म्हटले तर बदलते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना इंटर्नना विद्यावेतन देते, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० पासून ते सुरू केले. दोन्ही संस्था त्याच गावात आहेत.

मुलीने शोधून काढलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जर्मनीत कार्लो श्मिड नावाचा कार्यक्रम आहे. आंतरराष्ट्रीय संस्थांत इंटर्नशिपला जाणाऱ्या तिथल्या मुलांना त्यातून दरमहा शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांवर बिनपगारी बसलेल्या दोन मुली सारख्या नसतात. एकीचा देश तिच्या मागे उभा असतो. दुसरीच्या मागे आईचे गंठण असते.

आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यातून अनुसूचित जातींतली मुले परदेशात पदव्युत्तर पदवी आणि पीएचडी करतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण इंटर्नशिपसाठी तिथे जागा नाही. विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांना जर्मनीच्या डाड संस्थेच्या ‘वाइज’सारख्या पैसे देणाऱ्या इंटर्नशिप तरी आहेत, कायदा आणि समाजशास्त्र शिकणाऱ्यांना असे फार थोडे. सत्कारात एका वक्त्याने बाबासाहेबांचे उदाहरण दिले होते. मला ते पुढे कितीतरी दिवस आठवत राहिले. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव महाराजांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन. तीन वर्षांसाठी ती मंजूर होती. बुद्धी आणि कष्ट त्यांचे होते, पण पैसे कोणीतरी दिले होते, आणि किती दिले याचीही नोंद आहे. उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्यावे.

बिनपगारी इंटर्नशिपला कोणीच जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. मुलीच्या वरच्या वर्गातली एकजण अशीच जाऊन आली. मोठमोठ्या बैठकांत बसून टिपणे काढली, अहवालांवर काम केले, ओळखी झाल्या, आणि त्यातल्याच एका ओळखीतून पुढे नोकरी लागली. तिचे वडील डॉक्टर आहेत. ज्यांना झेपते त्यांनी जरूर जावे. फक्त जाण्याआधी विचारावे की रोजचे काम कोणाच्या हाताखाली, काय शिकवणार, लेखी प्रमाणपत्र देणार का, कालावधी कमी करता येईल का. आणि इंटर्नशिप मिळवून देतो म्हणून उलट पैसे मागणाऱ्या एजंटापासून लांब राहावे. आमची बातमी वाचून असा एक फोन आम्हालाही आला होता. "ब्रिटनला टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिथे दोन महिने काम करायचे." त्या व्हिसावर बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा चालत नाही, हे मुलीला ठाऊक होते म्हणून आम्ही वाचलो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिने नकार कळवला. त्यानंतरचे दिवस हिशेबापेक्षा जड गेले. मला दुकानात रोज विचारणा व्हायची, "कधी निघणार पोरगी?" कोणी हळूच म्हणायचे, व्हिसा नाकारला का? एकाने तर निवडच खोटी होती का, असे विचारले. मुलगी पाडव्याला घरी आली नाही. अभ्यास आहे म्हणाली. तो नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. सत्काराचा नारळ अजून कपाटावर आहे. ती निघेल त्या दिवशी फोडू म्हणून तिच्या आईने ठेवला होता. आता आतले खोबरे सुटले आहे, हलवला की गोटा वाजतो.

साप्ताहिकाने वाईट हेतूने काही केले नाही, मंडळाच्या पोरांनी तर प्रेमानेच केले. पण बातमी आणि सत्कार आधी झाले, त्यामुळे ‘जावे की नाही’ हा प्रश्न आमचा राहिलाच नाही. ‘आता न जाऊन कसे चालेल’ असे होऊन बसले. उचल घ्यायला मी तयार झालो त्यात मुलीच्या भल्याइतकीच लोकलाजही होती, हे कबूल करतो. किती घरांनी अशा लाजेपोटी जमीन गहाण टाकली असेल?

म्हणून आपल्याला विनंती आहे. अशी बातमी येईल तेव्हा वार्ताहराने एक प्रश्न जास्त विचारावा, आणि मानधन किती, खर्च किती, तो कोण करणार, ही ओळ छापावी. मानधन नसेल तर तसे छापावे. चार वर्षे अशा बातम्या येत राहिल्या की, आपल्या जिल्ह्यातली किती मुले निवड होऊनही गेली नाहीत, हे तरी सरकारला आणि विद्यापीठांना वाचायला मिळेल. माझ्या साध्या हिशेबाने, दहा लाखांप्रमाणे वर्षाला वीस मुले पाठवायची तर दोन कोटी लागतात. राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांनी मिळून हा निधी उभा करणे अवघड नाही. अनुदान नको असेल तर बिनव्याजी उचल म्हणून द्यावी. मुले फेडतील.

मुलगी जूनपासून घरी आहे. रोज सकाळी अर्ज भरते. वहीत तिने नवा रकाना आखला आहे, विद्यावेतनाचा. तो रिकामा असेल तर ती पुढचे वाचत नाही.

पत्र छापलेत तर माझे नाव घालू नये, तिला पुन्हा गल्लीत उत्तरे देत बसावी लागतील. हिशेबाचे आकडे मात्र जसेच्या तसे छापावेत.

आपला,
एक पालक, बार्शी (जि. सोलापूर)