धुपीचे नकाशे आणि दशांशस्थळे

मा. संपादक,
स. न.

अमुक नदीच्या पाणलोट क्षेत्रातून दर हेक्टरी वर्षाला इतके टन माती वाहून जाते, अशा बातम्या लाल-पिवळ्या नकाशासह अधूनमधून वाचनात येतात. आकडा पार दशांशापुढच्या दोन घरांपर्यंत दिलेला असतो. त्या नेमकेपणाविषयी हे पत्र.

या नकाशांमागे बहुधा एकच समीकरण असते. विशमायर आणि स्मिथ यांनी ते अमेरिकेत १९६५ साली मांडले, १९७८ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. पावसाचा मारा, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी व तीव्रता, पिकांचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचा तो सरळ गुणाकार आहे. तो बसवला छोट्या चाचणी-वाफ्यांवर. प्रमाण वाफा २२.१ मीटर लांब, ९ टक्के उताराचा. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत, हाच गुणाकार अख्ख्या खोऱ्याच्या चौकोनाचौकोनात होतो. पण गुणाकारातला एक घटक दुप्पट धरला गेला, की उत्तरही दुप्पट होते.

आणि चुकायला जागा भरपूर आहे. पावसाच्या घटकाला मुळात सरीचा ३० मिनिटांतला सर्वाधिक जोर लागतो. तशी नोंद नसली की वार्षिक बेरजेवरून सूत्राने काम भागवतात. मग महिनाभराची रिमझिम आणि दोन तासांची मुसळधार एकाच मापात बसते! आच्छादनाचे त्याहून अवघड. पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाला जमीन दिसत नाही, म्हणून पाऊस ओसरल्यावरची हिरवीगार प्रतिमा घेतली जाते. माती सर्वात जास्त सुटते ती मात्र पेरणीच्या सुमारास, रान उघडे असताना. बांधबंदिस्तीची माहिती नसेल तर तिथे चक्क १ मांडतात, म्हणजे लोकांनी खपून घातलेले बांध नकाशाच्या लेखी नाहीतच.

शिवाय घळी आणि ढासळणारे नदीकाठ या समीकरणात येतच नाहीत. सुटलेली माती पुढे कुठे साचली, हेही ते सांगत नाही. बरीचशी उताराच्या पायथ्याशी आणि ओढ्यांतच थांबते. पाणलोट मोठे, तसा मुखापर्यंत पोचणारा वाटा साधारणपणे कमी. त्यामुळे नकाशावरची बेरीज म्हणजे धरणातला गाळ, असा मथळा देणे चूकच.

पण म्हणून काही नकाशे टाकाऊ ठरत नाहीत. हेक्टरी १३ टन माती गेली तरी थर जेमतेम एक मिलिमीटरचा, डोळ्यांना तो कळतही नाही. अशा वेळी बांधबंदिस्तीचे काम आधी कोणत्या उतारावर काढावे, हा क्रम नकाशावरून बऱ्यापैकी लागतो. माझा भरवसा रंगांवर आहे, टनांवर नाही.

विनंती एवढीच, की अशा बातमीत चार गोष्टी द्याव्यात: पाऊस कोणत्या नोंदींवरून घेतला, प्रतिमा कोणत्या महिन्याची, बांधांचा घटक पाहून धरला की नुसता १ मांडला, आणि उत्तर नदीतल्या किंवा जलाशयातल्या गाळाच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिले का. पहिल्या तीन गोष्टी नकाशा करणाऱ्याच्या हाताशी असतातच. चौथी केलेली नसेल, तर तेही छापावे.

आपला,
एक वाचक