परपज अँड नीड शिकवणाऱ्या ताईंना जाहीर आभार पत्र

ताई,

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतेय, पण जाहीर आभार मानायला तुम्ही मनाई केली नव्हती म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. त्या गावातल्या स्टेट रूटचं (राज्याच्या रस्त्याचं) एन्व्हायर्नमेंटल असेसमेंट (ईए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचा छोटा अभ्यास) झालं एकदाचं, फोन्सी सही होऊन आलं (पर्यावरणावर लक्षणीय परिणाम होणार नाही असा निर्णय, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी), आणि अख्ख्या रिपोर्टमधली जी पानं डीओटीच्या (राज्याच्या वाहतूक खात्याच्या) रिव्ह्यूत एकही शेरा न येता पास झाली ती परपज अँड नीडची, म्हणजे उद्देश आणि गरज सांगणाऱ्या प्रकरणाची. ती तुमच्यामुळे तशी झाली.

बाकीच्यांना थोडं सांगते म्हणजे पुढचं कळेल. इकडे अमेरिकेत फेडरल पैसा लागलेला रस्ता रुंद करायचा, बायपास काढायचा, तर नेपा (राष्ट्रीय पर्यावरण धोरण) कायद्याखाली अभ्यास करावा लागतो. १ जानेवारी १९७० ला निक्सननी सही केलेला कायदा आहे हा. त्या अभ्यासाच्या अगदी सुरुवातीला परपज अँड नीड येतं. आज रस्त्यावर नेमकं काय बिघडलंय आणि त्याला पुरावा काय, हे नीडमध्ये, आणि प्रोजेक्ट झाल्यावर काय साध्य झालं पाहिजे हे परपजमध्ये. पुढचा प्रत्येक पर्याय, अगदी काहीच न करण्याचा पर्यायसुद्धा, याच कसोटीवर घासून बघतात. म्हणून इथे एक वाक्य चुकलं की पुढचा सगळा अभ्यास त्याच्या मागे वाहवत जातो आणि लक्षात येतं तेव्हा बऱ्याचदा कोणीतरी कोर्टात गेलेलं असतं.

माझ्याकडे जो मसुदा आला तो आधीच्या टीमचा होता आणि त्यातलं पहिलंच वाक्य असं होतं की या प्रकल्पाचा उद्देश सदर रस्ता दोन पदरीवरून चार पदरी करणे हा आहे. गावाच्या कौन्सिललाही चार लेनच हव्या होत्या, मागणी जुनी होती, त्यामुळे ऑफिसात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला ते वाक्य टोचत होतं पण का ते नीट सांगता येत नव्हतं, कारण पुण्यात मी डीपीआरची (सविस्तर प्रकल्प अहवालांची) कामं केलेली, तिथे चौपदरीकरण हे कामाच्या नावातच आलेलं असायचं आणि आमचं काम पीसीयू (सगळी वाहनं कारच्या हिशोबात) मोजण्यापासून सुरू व्हायचं. मंडळाच्या गणपतीत तुमची ओळख झाली, दोघी सांगलीच्या वालचंदच्या निघालो, आणि तुम्ही डीओटीत आयुष्यभर हेच काम करून रिटायर झालात हे कळल्यावर मी प्रसादाची प्लेट हातात धरूनच तुम्हाला ते वाक्य म्हणून दाखवलं. तुम्ही लगेच म्हणालात, अगं हे म्हणजे नवरा ठरवून झालाय आणि आता स्थळं बघायला बसलेत.

मग दुसऱ्या दिवशी फोनवर तुम्ही सिमन्सची केस सांगितलीत. ती मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवली आणि इथेही लिहिते कारण रस्त्याची नसली तरी यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. इलिनॉयमधलं मॅरियन शहर आणि शेजारचा लेक ऑफ इजिप्त वॉटर डिस्ट्रिक्ट (पाणीपुरवठा संस्था), दोघांना पाणी हवं होतं, म्हणून शुगर क्रीकवर धरण बांधायचं ठरलं. आर्मी कोअरनी (धरणाला परवानगी देणाऱ्या लष्कराच्या इंजिनिअर खात्याने) उद्देश लिहिला तो असा की दोघांना एकाच स्रोतातून पाणी पुरवायचं. असं लिहिल्यावर धरण सोडून दुसरं उत्तर येणार कुठून! १९९७ मध्ये सेव्हन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने ते मान्य केलं नाही, कारण दोघांना एकच स्रोत का लागतो हे कोणी तपासलंच नव्हतं, दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून पाणी घेतलं तर काय बिघडेल हा प्रश्न उद्देशाच्या वाक्याने आधीच बाद करून टाकला होता. आणि मी लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन 'परिसरातील वाहतूक सुधारणे' असं काहीतरी सुचवलं तेव्हा तुम्ही टोलेडो विमानतळाची १९९१ ची केस काढलीत, की उद्देश इतका अरुंद नको की एकच पर्याय बसेल आणि इतका ऐसपैसही नको की जगातले सगळे पर्याय बसतील.

पण ताई, खरा उपकार केलात तो पुढे. तुम्ही म्हणालात ते अपघातांचं टेबल बाजूला ठेव आणि पोलिसांचे क्रॅश रिपोर्ट एकेक काढून वाच, रकाने वाचू नकोस, शेवटी ऑफिसरने हाताने जे लिहिलेलं असतं ते वाच. मी वाचत गेले. पहिली गाडी डावीकडे वळायला थांबली होती, दुसरीने मागून धडक दिली. पुढचा रिपोर्ट, पुन्हा तेच. त्याच्या पुढचा, तेच, फक्त पाऊस होता. नकाशावर ठिपके मांडले तर ते सगळ्या रस्त्यावर पसरलेले नव्हतेच, शाळेचं गेट, खत-बियाण्यांचं दुकान आणि डॉलर स्टोअर एवढ्याच तुकड्यात गर्दी होती त्यांची. आणि मसुद्यात मुख्य गरज म्हणून काय लिहिलेलं, तर वाहतूक कोंडी, जेव्हा आमच्याच ट्रॅफिकच्या लोकांच्या हिशोबाने वीस वर्षांनंतरच्या वाहतुकीलाही सरळ जाणाऱ्यांसाठी दोन लेन पुरत होत्या.

मग तुम्ही शाळा सुटायच्या वेळी तिथे जाऊन उभं राहायला सांगितलंत. एक पिकअप डावीकडे वळायला थांबला, समोरून गाड्या येतच होत्या, त्याला फट मिळेना, त्याच्या मागे स्कूल बस, बसमागे रांग. रांगेतल्या एकाचा धीर सुटला, त्याने उजवीकडून खडीच्या शोल्डरवर (रस्त्याकडेच्या पट्टीवर) गाडी उतरवली आणि सगळ्यांना वळसा घालून पुढे गेला, मग त्याच्या मागचाही गेला. तिथे डांबराच्या कडेला लागून चाकांनी लांबलचक खोल चर पाडलेला होता, त्यात पावसाचं पाणी साचलेलं, आणि डांबराची कड नि खडी यांच्यामध्ये माझा तळहात उभा मावत होता. त्याच चरातून दोन पोरं दप्तरं घेऊन घरी चालत गेली, कारण फुटपाथ नाहीच. हे कुठल्याही एलओएसच्या (वाहतूक किती सुरळीत चालते याच्या श्रेणीच्या) तक्त्यात येत नाही. मी फोटो काढले, कड पट्टीने मोजली, ते नीडमध्ये गेलं.

पुढे मसुदा तुमच्याकडे आणि माझ्याकडे किती वेळा फिरला ते सोडा. माझ्या प्रत्येक विशेषणापुढे तुम्ही लाल अक्षरात 'किती?' लिहून पाठवायचात. अपघातांचं प्रमाण चिंताजनक आहे, किती? मग राज्यातल्या तशाच रस्त्यांची सरासरी शोधायची, दर १० कोटी वाहन-मैलांमागे अपघात किती ते काढायचं, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि चिंताजनक हा शब्द खोडायचा. कौन्सिलला शोभेचे दिवे आणि झाडं नीडमध्ये हवी होती, तुम्ही म्हणालात ती इतर अपेक्षांत वेगळी लिही, नाहीतर एखादा चांगला स्वस्त पर्याय फक्त दिवे नाहीत म्हणून बाद होईल. आणि हद्दीचा प्रश्न तर माझ्या डोक्यातच आला नसता! प्रोजेक्ट गावाच्या शिवेवर संपत होता, तुम्ही विचारलंत की अपघात शिवेवर थांबतात का गं? थांबत नव्हते, पुढे काउंटी रोडच्या चौकापर्यंत जात होते, म्हणून हद्द चौकापर्यंत नेली. लॉजिकल टर्मिनी (प्रोजेक्टची तर्कसंगत सुरुवात-शेवटाची टोकं) हा शब्द नियमात वाचून मला जेवढा कळला नव्हता तेवढा त्या एका प्रश्नाने कळला.

२००५ च्या कायद्यापासून मोठ्या ईआयएस (पर्यावरण परिणामांचा सविस्तर अहवाल लागणाऱ्या) प्रोजेक्टमध्ये परपज अँड नीडवर लोकांना आणि बाकीच्या खात्यांना मत मांडायची संधी द्यावी लागते. आमचं छोटं ईए, तरी तुम्ही हट्ट धरलात की नकाशे दाखवायच्या आधी लोकांना ही पानंच दाखवा. दाखवली. तिथे स्कूल बस चालवणाऱ्या एक बाई उठून म्हणाल्या की मी बस थांबवते तेव्हा आरशात डावीकडे नाही, उजवीकडे बघते, कारण उजवीकडूनच गाडी येते. सगळा हॉल गप्प झाला. त्यानंतर कौन्सिलच्या लोकांनी चार लेनचा आग्रह धरला नाही, त्यांना कोणी हरवलं नाही, त्यांनाही प्रश्न दिसला एवढंच.

एकदा उद्देश असा झाला, की डावीकडे वळणाऱ्या गाड्यांमुळे होणारे अपघात कमी करणे आणि शाळेच्या टप्प्यात पायी चालणाऱ्यांना सुरक्षित वाट देणे, की पर्यायांची यादीच बदलली. मधली वळण्याची लेन देऊन तीन लेन, फक्त चौकात टर्न लेन, काउंटी रोडवर राउंडअबाउट, आणि चार लेनही होत्याच, त्या आम्ही काढल्या नाहीत. फेडरल हायवेच्या आकड्यांप्रमाणे चौकात डावीकडची टर्न लेन दिली तर एकूण अपघात २८ ते ४८ टक्के कमी होतात आणि दोन बाजूंना स्टॉप साइन असलेल्या चौकाचं राउंडअबाउट केलं तर जीवघेणे आणि जखमी करणारे अपघात ८२ टक्क्यांनी कमी होतात. चार लेनमध्ये वळणारी गाडी तरीही चालत्या लेनमध्येच थांबणार होती. शिवाय चार लेनला नदीकाठच्या सार्वजनिक पार्कची पट्टी लागत होती, म्हणजे सेक्शन फोर-एफ, १९६६ चा नियम, की दुसरा व्यवहार्य आणि शहाणपणाचा पर्याय असेल तर पार्क घ्यायचं नाही. मेम्फिसच्या ओव्हर्टन पार्कमधून आय-४० हा इंटरस्टेट हायवे न्यायचा होता आणि १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय परत पाठवला, तो हायवे त्या पार्कमधून कधीच गेला नाही, हेही तुम्हीच सांगितलेलं. आमच्याकडे तीन लेन, पक्के शोल्डर, फुटपाथ आणि चौकात राउंडअबाउट ठरलं. पार्कची एक फूटही जागा जात नाही.

नेपाच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ईएला ७५ पानांची मर्यादा आलीये, त्यामुळे पुरावे परिशिष्टात आणि पुढे नेमकं बोलायचं ही तुमची शिस्त आता आमच्या सगळ्या टीमला लागलीये. आणि २०२५ मध्ये सीईक्यूचे (नेपाचे नियम करणाऱ्या व्हाइट हाउसच्या पर्यावरण परिषदेचे) नियम रद्द झाले तेव्हा ऑफिसात एकजण म्हणाला की आता हे प्रकरण लिहायची तेवढी गरज नाही, तेव्हा मी त्याला २०२३ ची दुरुस्ती उघडून दाखवली, परपज अँड नीड आता थेट कायद्याच्या मजकुरात आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. माझा दादा मिरजेजवळ राहतो, त्यांच्या गावच्या फाट्यावर गतिरोधक बसवा म्हणून गावकरी बांधकाम विभागाला अर्ज देणार होते. मी त्याला फोनवर तुमचंच सगळं सांगितलं, की गतिरोधक शेवटी लिहा, आधी तिथे काय होतं ते लिहा, कुठल्या वेळी, कुठल्या बाजूने गाड्या येतात, ऊस वाढला की वळणावरचं किती दिसत नाही, कोण कधी पडलं. त्यांनी तसा अर्ज केला, फोटो जोडून. साहेब जागेवर येऊन बघून गेले आणि आता वळणावरची झुडपं तोडणं, बोर्ड आणि गतिरोधक असं तिन्हीचं बोलणं चाललंय. दादाने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

तुमची शेंगदाण्याची चटणी आईने पाठवलीये, शनिवारी घेऊन येते. येताना एका पूल बदलायच्या कामाचा मसुदाही आणतेय, त्यात पहिल्या ओळीत पुन्हा 'नवीन पूल बांधणे' लिहिलंय, लाल पेन काढून ठेवा.

तुमची,
वालचंदची ज्युनियर