सुमे, तुझे प्रश्न मी विचारायचे

मुलुंड,
शनिवार रात्र

प्रिय सुमे,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा 'सविस्तर लिहिते' म्हणाले होते आणि आता दिवाळीच्या फराळाचे डबे घासून ठेवायची वेळ आली. रागावली असशील तर खुशाल रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, माझी बीपीची गोळी चालू आहे, बाकी सगळे मजेत. जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. यांना सांगितलं तर 'मुलं लिहीत नाहीत ना, मग मार्क काप' असं म्हणून हे बातम्या बघायला बसले.

माझा ऑनलाइन वर्ग तुला माहीत आहे. सगळी नोकरी करणारी मुलं, अर्थशास्त्राचा पेपर. दर आठवड्याला मी एक प्रश्न देते, प्रत्येकाने मूडलवर, म्हणजे आमच्या ऑनलाइन वर्गाच्या वेबसाइटवर, आपलं टिपण टाकायचं, मग दुसऱ्या कुणाचं तरी टिपण वाचून त्याखाली आपलं म्हणणं मांडायचं. टिपणं येतात. रात्री पावणेबाराला येतील, पण येतात, आणि काही तर अशी असतात की वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवते. पण दुसऱ्याच्या टिपणाखाली कुणी एक ओळ लिहीत नाही. चाळीस जण चाळीस खिडक्यांत बसून आपापलं बोलतात आणि खिडकी लावून घेतात.

मध्यंतरी प्रश्न होता महागाईचा. वाशीच्या मार्केटमध्ये कामाला असलेल्या एका मुलाने लिहिलं की महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या. बाकी त्याचं टिपण सुरेख होतं, गाड्या उशिरा आल्या की सकाळचा भाव कसा फिरतो ते डोळ्यांनी पाहून लिहिलेलं. पण ही चूक होती, आणि वर्गातल्या कुणीतरी ती दाखवावी म्हणून मी थांबून राहिले. काहीच आलं नाही. मग एका रात्री साडेबाराला व्हॉट्सअॅपवर मला एकटीला मेसेज आला, विक्रोळीच्या एका मुलीचा. ही घाटकोपरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिने लिहिलं होतं, "मॅडम, समजा मागच्या वर्षी वडापाव 15 चा 18 झाला आणि यंदा 18 चा 19. दर 20 टक्क्यांवरून साडेपाचच्या आसपास आला. पण वडापाव 17 ला कुठे मिळतोय? तो वाढतोच आहे, फक्त हळू." आणि खाली, "प्लीज हे तिथे टाकू नका."

सुमे, ती शेवटची ओळ वाचली आणि तूच डोळ्यांसमोर उभी राहिलीस. तिसऱ्या बाकावरून माझ्या वहीखाली सरकणारी ती कागदाची घडी. प्रश्न तुझा, हात माझा. तात्या सर 'वा, फार मुद्द्याचं विचारलंत' म्हणायचे आणि तू खिडकीबाहेर बघत बसायचीस, जसं काही तुझा त्या प्रश्नाशी संबंधच नाही. तुझ्या जिवावर मी वर्षभर हुशार म्हणून मिरवले. त्या भित्तिपत्रकावरून झालेलं भांडण आठवतं ना? लेख तुझा आणि खाली सही 'एक विद्यार्थिनी'. नाव घाल म्हणून मी हट्टाला पेटले, तू बोलणं टाकलंस आणि माझ्याशिवाय इडली खाऊन आलीस. इडलीचं मी विसरलेले नाही. आणि नाव घालायला हवं होतं हेही माझं मत अजून कायम आहे. पण तू का घालत नव्हतीस हे मी तुला कधी नीट विचारलंच नव्हतं. या मुलीला मात्र विचारलं.

रविवारी तिला फोन केला, पाऊण तास बोललो. पहिलं कारण ऐकून मी गप्पच झाले. म्हणाली, "मॅडम, तो नापास झाला तर? तुम्ही ते सगळं वाचता ना." बघ, वर्गात एकाने चुकीचं उत्तर दिलं आणि दुसऱ्याने दुरुस्त केलं तर तो क्षण तिथल्या तिथे विरून जातो. इथे चूक लेखी, दुरुस्ती लेखी, दोन्हींवर नाव आणि वेळ, आणि मार्क देणारी बाई समोर. तिच्या लेखी ती चर्चा नव्हतीच, ती चुगली होती. आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं की मित्राची चूक बाईंना सांगायची नाही. ते शिकलेलं मन आपण एका सूचनेने कसं पुसणार?

मग बाकीचं हळूहळू बाहेर आलं. घर दहा बाय बाराचं, फोन भावाबरोबर वाटून घेतलेला, तो उघडून बघतो आणि 'काय प्रवचन लिहितेस' म्हणून हसतो. लोकलमध्ये लिहावं, तर लेडीज डब्यात शेजारची बाई आपल्या स्क्रीनवर डोळे लावून बसलेली असते (हे तर माझ्याही रोजच्या अनुभवाचं). घरी पोचून जेवण उरकून ती पान उघडते तेव्हा सगळ्यांची टिपणं आलेली असतात, आणि तिला वाटतं, सांगण्यासारखं आता उरलंच काय. शिवाय भाषा. ती मराठी माध्यमाची. इंग्रजीत लिहिलं तर व्याकरण चुकेल, मराठीत लिहिलं तर 'गावठी' वाटेल, रोमनमध्ये मराठी लिहिलं तर तिला स्वतःलाच आवडत नाही. एक वाक्य लिहायला घेते, तीनदा खोडते आणि फोन ठेवून देते.

आणि सगळ्यात वर 'फुटेज'. वर्गाचा एक वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, माझ्याविना. पहिल्या महिन्यात एका मुलाने दोन-तीन जणांच्या टिपणांखाली खरोखर चांगलं लिहिलं होतं. त्याचा स्क्रीनशॉट त्या ग्रुपवर गेला, खाली 'भाऊ फुटेज खातोय'. त्या दिवसापासून तो मुलगा गप्प आहे. आणि त्याच्याबरोबर बाकीचे सगळे गप्प आहेत, ज्यांनी तो स्क्रीनशॉट नुसता पाहिला.

तिच्या आईचंही एक वाक्य सांगते. "नावानिशी कुठे काही लिहू नकोस." आधी मला वाटलं, आयांची नेहमीची भीती. मग आठवलं, 2012 च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना पोलिसांनी धरलं होतं, मुंबई बंद राहण्यावर एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून, आणि दुसरीने त्या ओळींना नुसतं लाइक केलं म्हणून. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते 66 अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केलं. पण कलम गेलं तरी पश्चिम रेल्वेपासून मध्य रेल्वेपर्यंत घराघरात बसलेली धास्ती थोडीच जाते? लॅबमधून दमून आलेली मुलगी माझ्या अर्थशास्त्राच्या पानावर वडापावाबद्दल लिहायला घाबरते त्यात हाही एक धागा आहे, आणि तो मला फार टोचतो.

आता खरी काळजी. सोमवारी विभागाची मीटिंग आहे. प्रस्ताव असा, की दुसऱ्याच्या टिपणाखाली आठवड्याला दोनदा लिहील त्याला 10 मार्क, नाहीतर शून्य. शेजारच्या तुकडीत हे सुरू झालंय. तिथली पानं मी बघितली. 'छान लिहिलंस.' 'खूप माहितीपूर्ण.' 'मी तुझ्याशी सहमत आहे.' पानंच्या पानं हेच. एकाने टिपण टाकायच्या आधीच त्याला कुणीतरी 'सुंदर मांडणी' लिहून ठेवलं होतं! मी एकटी खुर्चीत हसत सुटले, आणि मग बराच वेळ वाईट वाटत राहिलं. ती मुलं गप्प होती तेव्हा निदान खरी होती.

विभागात एकजण म्हणाले, हे जगभर असंच असतं, लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सनने 2006 मध्येच सांगितलंय, शंभरातले 90 नुसते वाचतात, 9 अधूनमधून लिहितात आणि 1 सतत लिहितो. असेल. पण ते इंटरनेटवरच्या अनोळखी गर्दीबद्दल आहे. माझ्या वर्गात चाळीस माणसं आहेत, मला प्रत्येकाचं स्टेशन माहीत आहे. ठाण्याचा जमाव आणि आपल्या डब्यातल्या रोजच्या बायका यांना एक नियम लावायचा का?

आणि गप्प म्हणजे रिकामं, हे तर मला मुळीच मान्य नाही. मूडलच्या नोंदीत कोण कधी आलं, काय उघडलं ते दिसतं. ही मुलगी त्या मार्केटवाल्या मुलाचं पान पुन्हा पुन्हा उघडत होती. 1991 मध्ये जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या, माणसं कशी शिकतात याच्या अभ्यासकांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडच्या शिकाऊ पोरांबद्दल लिहिलं, ते मला सारखं आठवतं. पोरगा आला की त्याला कापड बेतायला देत नाहीत. आधी तयार कपड्यांना इस्त्री कर, बटणं लाव. कडेला बसून तो कपडा आतून कसा असतो ते शिकतो, मग शिवण, आणि कात्री सगळ्यात शेवटी. लेव्ह-वेंगर त्या कडेच्या बसण्यालाही शिकण्यातला हक्काचा सहभागच मानतात. आपण मात्र पहिल्या आठवड्यात कात्री हातात देतो, तीही दुसऱ्याच्या कापडावर चालवायला!

मग गप्पच राहू द्यायचं का? नाही गं. तिथेच माझं तुझ्याशी भांडण होतं आणि तिथेच अजून आहे. तिचं ते वडापावाचं उदाहरण त्या मुलाला मिळायला हवं होतं. माझ्याकडून मिळालं ते वेगळं. तिच्याकडून मिळालं असतं तर त्याला कळलं असतं की आपलं कुणीतरी मन लावून वाचलं, आणि तिला कळलं असतं की आपल्या बोलण्याने कुणाचा तरी गोंधळ सुटतो. या दोन्ही गोष्टी मी तिला माझ्या शाबासकीने देऊ शकत नाही.

म्हणून सोमवारी मी मांडणार आहे ते सांगते. चाळिसांसमोर कुणी लिहायचं नाही. चार-चार जणांचे गट, बाकीच्यांना त्या गटातलं दिसणार नाही, मूडलमध्ये तशी सोय आहे. पहिले आठवडे चूक-बरोबर काढायचंच नाही, फक्त एक प्रश्न विचारायचा, 'तुझ्या मार्केटमध्ये असं का होतं?' असा, ज्याचं उत्तर फक्त तोच देऊ शकेल. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल, टायपायचं नसेल तर आवाज रेकॉर्ड करा. त्या पानावरच्या कशालाही मार्क नाहीत, हे लेखी द्यायचं, म्हणजे चुगलीचा प्रश्नच मिटला. आणि दोन दिवस शिक्षकाने तिथे तोंड उघडायचं नाही. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी 1970 च्या दशकात वर्गावर्गात घड्याळ लावून पाहिलं होतं. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत, मग दुसऱ्याला विचारत नाहीतर स्वतःच बोलत. ती वेळ तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली, 'माहीत नाही' कमी झालं. तीन सेकंदांत एवढं! लॅब, लोकल आणि भाऊ सांभाळून लिहिणाऱ्या मुलीला ते तीन सेकंद म्हणजे किमान दोन दिवस. शिक्षकाचं पक्कं उत्तर आधी पडलं की त्याखाली कोण कशाला लिहील?

विभागात हे कितपत पचेल, देव जाणे. 'मोजता कसं येणार' हा प्रश्न येणारच, त्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की 'छान लिहिलंस' मोजता येतं म्हणून काही ते शिकणं होत नाही.

तुझं कसं चाललंय? बदली नागपूरलाच थांबली का? चिरंजीवांची बारावी, म्हणजे तुमच्या घरात सध्या टीव्हीला सुट्टी असणार. गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर? मावशींना नमस्कार सांग, आणि त्या अजून मला 'तुझी ती बडबडी' म्हणतात का तेही कळव.

आणि एक काम आहे, त्यासाठीच खरं तर हे एवढं लिहिलं. त्या घड्या तू माझ्याकडे का द्यायचीस, सरांचा धाक, बाकीच्यांचं हसणं, की आणखी काही, ते मला सांग. आणि तात्या सरांनी, किंवा मी, नेमकं काय केलं असतं तर एखादा प्रश्न तू स्वतः विचारला असतास? फोन नको, फोनवर तू 'काही नाही गं' म्हणून विषय बदलशील. दोन ओळी चालतील, शुद्धलेखन बघणार नाही. मीटिंग सोमवारी अकराला आहे, त्याआधी व्हॉट्सअॅप कर.

तुझी,
मंजू

ता. क. तुझ्या चकल्यांचा डबा माझ्याकडेच आहे. रिकामा परत करू नये म्हणतात, म्हणून अडलाय. पुढच्या आठवड्यात दादा नागपूरला येतोय, त्याच्याबरोबर अनारसे पाठवते.