पंखा बंद करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सा. न. वि. वि.

ठमीनं, म्हणजे मी पाळलेल्या टॅरँटुलानं (मोठ्या केसाळ कोळिणीनं), परवा कात टाकली. उताणी पडून, तासन्‌तास, अगदी शहाण्यासारखी. जखमेच्या जागी आता नुसता वण आहे. तो पाहिला आणि ठरवलं, हे चारचौघांत सांगायचंच.

टाकीच्या काचेवरून ती पडली आणि पोटाला चीर गेली. टॅरँटुलाच्या पोटाची कातडी इतकी पातळ, की थोडक्या उंचीवरून पडलं तरी फाटते. निळसर पाणी झिरपत होतं. तेच तिचं रक्त. आपल्या रक्तात लोह, हिच्या रक्तात तांबं. पाय ताठ करायलाही तिला त्याच रक्ताचा दाब लागतो, त्यामुळे पाय हळूहळू अंगाखाली मिटत चालले होते.

आधी जिथे नेलं, तिथल्या पाटीवर 'सर्व प्राण्यांवर उपचार' असं ठळक लिहिलंय. आतून प्रश्न आला, "घरात चप्पल नाही का?" मग सगळे हसले. मी नोंदणीचे कागद हातात धरून उभा! दुसऱ्यांनी फोनवरच कटवलं, "आम्ही किडे बघत नाही." (आठ पायांचा किडा नसतो, पण ते जाऊ दे.)

तुमच्याकडे पोचलो ती मे महिन्यातली दुपार. डब्याला हात लावायच्या आधी तुम्ही उठलात आणि पंखा बंद केलात. मी काहीच बोललो नव्हतो. ठमीला कान नाहीत, अंगावरच्या केसांनीच तिला हवा कळते. वरून झोत आला की कुणीतरी झडप घातली असंच तिला वाटणार. हे न सांगता ओळखणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. घाम मनगटानं पुसत तुम्ही चीर बुजवलीत. मग केसपेपर ओढून विचारलंत, "नाव काय हिचं?" आणि खरंच लिहिलंत, ठमी.

निघताना हळूच म्हणालात, "खरं सांगू? मला घरातला कोळीसुद्धा बघवत नाही."

मॅडम, प्राणी आवडतो म्हणून जीव लावणारे खूप असतात. कात्रजच्या सर्पोद्यानामुळे सापालाही 'बिचारा' म्हणणारे पुणेकर मी पाहिलेत. पण अंगावर काटा येत असताना इतक्या हळुवार हातानं काम करणं, हे मी तुमच्याकडेच पाहिलं.

फी तुम्ही मांजराएवढीच घेतलीत. तेवढ्यावर भागलं असं समजू नका. आई दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येणार आहे, तीही ठमीला घाबरते. नाही म्हणायचं नाही.